गोल्फ: डाउनस्विंगमध्ये (क्लब खाली आणताना) कंबर बॉलकडे ढकलली जाते, मदत हवी आहे

हँडिकॅप_२४
उजव्या हाताने खेळतो. ७ आयर्नने (मधल्या अंतराचा क्लब) एकतर शँक (बॉल एकदम उजवीकडे), नाहीतर बॉल थिन (क्लबच्या खालच्या कडेला) लागून जमिनीलगत पळतो. मागून काढलेल्या व्हिडिओत डाउनस्विंग सुरू होताच कंबर बॉलकडे येते आणि पाठ सरळ होते. 'डोकं खाली ठेव' आणि 'कंबर जोरात फिरव', दोन्ही करून पाहिलं, फरक नाही. सुरुवात कुठून करू? सरावाच्या रेंजवर मॅट आहे, गवत नाही.

बंकरवासी
दोन्ही सल्ले बाजूला ठेवा. मागे जायला जागाच नसलेल्या कमरेला जोर लावला तर ती पुढेच येणार. ती पुढे आली की हातांची वाट अडते, ते बाहेर फेकले जातात आणि बॉलला होझल (दांडा आणि क्लबचं डोकं जुळतं तो भाग) लागतं. तो शँक. ते टाळायला शरीर उठलं की थिन. फटके दोन, दुखणं एकच.

आधी उभं राहणं बघा. वजन बुटाच्या लेसखाली हवं, चवड्यांवर नाही. ग्रिपचं टोक आणि मांडी यांत साधारण एक मूठ मावावी.

मग भिंतीला कुल्ले जेमतेम टेकवून, हात छातीवर आडवे ठेवून उभे राहा. बॅकस्विंगमध्ये (क्लब मागे नेताना) उजवा कुल्ला भिंतीला दाबला जाईल, डावा किंचित सुटेल. उजवा गुडघा थोडा सरळ होऊ द्या; तो वाकलेलाच धरून ठेवायच्या हट्टापायी खुबा वळत नाही. खाली येताना डावा कुल्ला टेकल्यावरच उजवा सुटायला हवा. इम्पॅक्टच्या (क्लब बॉलला लागतो त्या) स्थितीत थांबा: डावा भिंतीला दाबलेला, बेल्टचं बकल टार्गेटकडे ३०-४० अंश वळलेलं, बहुतेक वजन डाव्या पायावर. दोन्ही कुल्ले एकदम सुटले तर चूक तिथेच आहे.

दहा वेळा असं, मग दहा वेळा क्लब घेऊन सावकाश. क्लब हातात असताना भिंत नको (आपटेल), मागे बॅग उभी करा. त्यानंतर बॉल, पण हात कमरेइतकेच मागे आणि कमरेइतकेच पुढे. बॉलच्या पलीकडे दोन इंचांवर हेडकव्हर (क्लबच्या डोक्याचं आवरण) ठेवा, हात बाहेर गेले की लगेच कळेल. पूर्ण वेगाचा फटका इतक्यात नको.

तिरपा_फटका
हे बरोबर, पण कधीकधी मूळ वरच्या अंगात असतं. खांदे आधी सुटले की क्लब फार उभा खाली येतो आणि जमिनीत घुसू नये म्हणून शरीर आपोआप उठतं. तसं असेल तर भिंतीचा सराव कितीही करा, समोर बॉल आला की पुन्हा तेच.

फोन हातांच्या उंचीवर, टार्गेट लाइनला (बॉल ते टार्गेट या रेषेला) समांतर, बरोबर हातांच्या मागे लावा. स्लो मोशनमध्ये घ्या. डाउनस्विंगमध्ये डावा हात जमिनीला समांतर येतो ती फ्रेम थांबवा. शाफ्ट (क्लबचा दांडा) उजव्या दंडावरून जाताना दिसला तर ठीक. उजव्या खांद्याच्या वर असेल तर उभा. उपाय: क्लब वर पोचल्यावर क्षणभर थांबा, पाठ टार्गेटकडेच राहू द्या आणि हात खाली सोडा. खांदे नंतर.

मॅटवर क्लब घसरून पुढे जातो, त्यामुळे फॅट (बॉलआधी जमिनीला लागलेला) फटकाही बरा वाटतो. बॉलच्या मागे चार इंचांवर घडी केलेला टॉवेल ठेवा; क्लब आधी टॉवेलला लागला तर फॅट.

खुबा_तपासा
या सगळ्याआधी दोन मिनिटं. टाचा टेकवून उकिडवं बसता येतं का? मग खुर्चीत बसा, गुडघा जागेवर ठेवून डावं पाऊल बाहेरच्या बाजूला न्या. ते ३०-३५ अंशांपर्यंतही जात नसेल तर खुबा आखडलाय. डावा खुबा आत वळत नाही, म्हणून कंबर पुढे सुटते. अ‍ॅड्रेसला (फटक्याआधी बॉलसमोर) डाव्या पायाचा पंजा २०-३० अंश बाहेर वळवून उभे राहा. कमरेत कळ येत असेल तर मात्र सराव थांबवून फिजिओथेरपिस्टला दाखवा.

हँडिकॅप_२४
धन्यवाद. शाफ्ट खांद्याच्या वर आहे आणि डावं पाऊल फारसं बाहेर जात नाही. दोन्ही असेल तर आधी काय?

तिरपा_फटका
पंजा आजच वळवा, त्याला सराव लागत नाही. मग थांबून हात सोडणं, अर्ध्या वेगात. शाफ्ट दंडावर आला तरी कंबर पुढे येत असेल, तर बंकरवासींची भिंत. ड्रायव्हर (सर्वांत लांब फटक्याचा क्लब) तोवर बॅगेतच राहू द्या.