मदत हवी आहे: वजन उचलताना आवाज कसा सांभाळायचा?

नमस्कार मंडळी,

मी गाणं शिकते आणि हल्ली जिमलाही जाते. ज्या दिवशी स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन उठाबशा) किंवा डेडलिफ्ट (वजनाचा बार जमिनीवरून उचलणं) असतात, त्या संध्याकाळी तार सप्तकात आवाज फाटतो. मध्य सप्तकात काही जाणवत नाही, पण वरच्या सा पाशी नुसती हवा येते आणि सारखं खाकरावंसं वाटतं. सायकल, पोहणं यांनी असं होत नाही, म्हणून संशय वजनांवरच.

मला कळतं ते एवढंच की जोर लावताना आपण श्वास कोंडतो, स्वरतंतू घट्ट मिटतात आणि खालून हवेचा दाब त्यांच्यावर येतो. ट्रेनर म्हणतात, श्वास कोंडल्याशिवाय कंबरेला आधार मिळणार नाही. गाण्याच्या बाई म्हणतात, वजनंच सोड. मला दोन्ही हवंय! ‘गुळण्या करा’ सोडून काही सांगाल का? आणि रियाज आधी की व्यायाम?

उत्तर १
रियाज आधी. वजनं सोडू नका, कमी करा. ज्या वजनाला तोंडातून ‘हंऽ’ निघतो, ते सध्या तुमच्यासाठी जड आहे. उठताना ‘स्स्स’ करत श्वास सोडा. ‘स्स्स’ चालू आहे तोवर स्वरतंतू उघडे असतात. तो अडला की घसा मिटला समजा. आरशात मानेकडेही बघा: शिरा तट्ट फुगल्यात, दात आवळलेत, हनुवटी वर गेलीय, तर जोर मानेतून लागतोय. आणि सेटच्या मध्ये गाण्यांच्या दणदणाटावरून ओरडून गप्पा मारत असाल तर आधी त्या बंद करा, बिचाऱ्या डेडलिफ्टला दोष नको.

उत्तर २
जेवून लगेच जाता का? भरल्या पोटी पोटावर दाब आला की आम्ल घशापर्यंत येतं, खाकरावंसं वाटतं ते त्यानेही. दोन-तीन तास जाऊ द्या. खाकरण्याऐवजी पाण्याचा घोट घ्या. खाकरताना स्वरतंतू एकमेकांवर आपटतात. घोगरेपणा तीन आठवड्यांहून जास्त टिकला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने तपासून घ्या. गाणाऱ्यांनी तर त्याआधीच.

धागाकर्ती
दोघांचे आभार. जेवणाचं लक्षातच आलं नव्हतं. ‘स्स्स’ स्क्वॉटला जमला, पण डेडलिफ्टला बार जमिनीवरून सुटतो त्या क्षणी हमखास अडकतो. वजन आणखी उतरवू, की बार थोडा उंचीवर ठेवून सुरुवात करू? कुणी करून पाहिलंय का?