मदत हवी आहे: आजोबांच्या रंध्यावर ‘बेली’ लिहिलंय, हा कोण?

सिडकोकर: भद्रकालीतला वाडा रिकामा करतोय. माळ्यावर आजोबांची हत्यारांची पेटी सापडली. वाकस, पटाश्या, गिरमिट, सगळं गंजलेलं. एक लोखंडी रंधा आहे, त्यावर इंग्रजीत ‘बेली’. किती जुना? किंमत काय येईल? रविवारी भंगारवाला येणार आहे, जरा लवकर सांगा.

जुनं_खोड: लांबी? पात्याची रुंदी? आणखी काय लिहिलंय? फोटो कुठाय? नुसतं ‘लोखंडी रंधा’ म्हटल्यावर ज्योतिषीही हात टेकेल.

देवळालीकर: बेली म्हणजे कॅम्पातला गोरा साहेब असणार. इंग्रज सरकारच्या मालावर तीन रेघांचा बाण ठोकलेला असायचा, तो शोधा.

सिडकोकर: बाण नाही. लांबी दीड वीत असेल.

जुनं_खोड: वीत कुणाची? पट्टी लावा हो.

स्वयंपाकघर_ते_सातपूर: गंज काढायला व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवा. माझा अडकित्ता नव्यासारखा झाला.

जुनं_खोड: बिडाला रात्रभर व्हिनेगर? पृष्ठभाग खाऊन टाकेल. रॉकेल, तारेचा चोथा आणि धीर.

स्वयंपाकघर_ते_सातपूर: अडकित्ता अजून कापतोय म्हटलं.

मेरीवाली_मावशी: इथे रंध्याची माणसं दिसतायत म्हणून विचारते. पावसाळ्यात आमचं मागचं दार फुगून बसतं. आत्ता रंधा मारून घेऊ का?

पेठरोड७: मावशी, आत्ता नको. हिवाळ्यात लाकूड सुकलं की बोटभर फट पडेल. आधी बिजागऱ्यांचे स्क्रू आवळून बघा.

सिडकोकर: धागा माझा आहे. पट्टी लावली: १४ इंच, पातं २ इंच. ‘नं. ५’ लिहिलंय. पात्यावर ‘स्टॅनले, मेड इन इंग्लंड’.

देवळालीकर: बघा, इंग्लंड! मी म्हणत होतोच.

जुनं_खोड: साहेबाला छावणीतच राहू द्या. लिओनार्ड बेली हा अमेरिकन, रंध्यांचा संशोधक. त्याची पेटंटं स्टॅनले या अमेरिकन हत्यार कंपनीने १८६९ मध्ये घेतली आणि नाव रंध्यावर राहिलं. सिडकोकर, पातं काढा. ते ज्या तिरक्या बैठकीवर टेकतं, तिच्या मागे तळावर ओतीव अक्षरं आहेत का?

सिडकोकर: आहेत! मार्च २५ ०२, ऑगस्ट १९ ०२, एप्रिल १९ १०. म्हणजे एप्रिल १९१० मध्ये बनवला?

जुनं_खोड: नाही, त्या पेटंटच्या तारखा. रंधा शेवटच्या तारखेनंतरचा, एवढंच त्यातून कळतं. पण या तीन तारखांची ओतीव कामं साधारण १९१० ते १९१८ ची, अमेरिकेतली. पुढची मूठ बुटकी, गोल आहे ना?

सिडकोकर: हो, बुटकीच. मग पात्यावर इंग्लंड कसं?

जुनं_खोड: स्टॅनलेचं इंग्लंडमधलं, शेफील्डचं काम १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झालं. म्हणजे पातं नंतर बदललेलं. कामाच्या सुताराचं पातं झिजायचंच. आजोबांनी भरपूर राबवलाय.

पेठरोड७: एकदम बरोबर. आमच्याही ५ नंबरला पातं ‘अनंत’ या देशी कंपनीचं आहे.

सिडकोकर: आणि किंमत??

जुनं_खोड: ५ नंबर भरपूर निघाले, घबाड नाही. संग्राहक पागल होतात ते १ नंबरसाठी, साडेपाच इंची इवलासा. पेटीत तसा काही आहे?

सिडकोकर: एक छोटा होता. भावाने काल ग्राइंडर मारून चकचकीत केला, अक्षरं गेली.

जुनं_खोड: लांबी?

सिडकोकर: नऊ इंच.

जुनं_खोड: हुश्श. मग ४ नंबर असेल, १ नव्हे. पण भावाच्या हातातून ग्राइंडर काढा, आणि भंगारवाल्याला नाही म्हणून सांगा.

मेरीवाली_मावशी: बिजागऱ्या आवळल्या. अजून घासतंय.