आधी टेप घेऊन उंची मोजा
परदेशात न्यायची कॅम्पर व्हॅन नागपुरातच कंटेनरमध्ये चढवून रेल्वेनं न्हावाशेवा बंदराला पाठवायची तुमची कल्पना चांगली आहे भाऊ, पण उंचीचं काय? साध्या कंटेनरचं दार साधारण २.२८ मीटर उंच असतं, हायक्यूबचं, म्हणजे जास्त उंच कंटेनरचं, २.५८. छतावर एसी नाहीतर सोलर पॅनल असलं की तिथंच गाडं अडतं. मग रो-रो जहाज बघायचं, म्हणजे ज्यात गाडी चालवतच चढवतात. त्यात किल्ली दुसऱ्याच्या हाती जाते, म्हणून भांडीकुंडी आत ठेवू नका. गॅस सिलिंडर तर घरीच बरा.

कार्नेटबद्दल, म्हणजे गाडी सीमाशुल्क न भरता तात्पुरती परदेशात नेण्याच्या कागदाबद्दल, मात्र कुणीच बोललं नाही. इराणसारख्या देशात त्याशिवाय गाडी आत नेणं अवघड. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ते देते, मुदत वर्षाची. प्रत्येक देश सोडताना गाडी बाहेर पडल्याचा शिक्का कार्नेटवर घ्याच, नाहीतर त्यासाठी भरलेली अनामत अडकते.