गेटवर गार्ड की दाई?

(सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप)

ए-३०४: नमस्कार मंडळी. मघाशी गाडी आत घेताना पाहिलं. नवा गार्ड शर्टाची बटणं उघडी टाकून केबिनमध्ये रेलून बसला होता, छातीला ओढणीनं बाळ बांधलेलं. गेटवर गार्ड ठेवलाय की दाई? सेक्रेटरींनी लक्ष द्यावे ही विनंती 🙏

बी-१०२: आणि मंगळवारी रात्री गेट १२ मिनिटं रिकामं होतं. सीसीटीव्ही बघा.

सी-२०३: 😂 बायको काय करून राह्यली त्याची?

ए-१०१ सिस्टर: पंपामागच्या खोलीत पडून आहे. सिझर होऊन १० दिवस झाले, टाके ओले आहेत. बाळ १ किलो ९०० ग्रॅमचं. कांगारू पद्धत दवाखान्यातूनच सांगितली आहे, आई थकली की बापानं. लाड नाहीत हे, उपचार आहे.

सी-२०३: बापाच्या छातीनं होते का ते?

ए-१०१ सिस्टर: हव. ऊब ऊबच असते. बाळाला टोपी, मोजे, लंगोट, बाकी अंग उघडं. उभं धरायचं, पाय बेडकासारखे, छातीला छाती, मान एका बाजूला, नाक मोकळं. वरून ओढणी, त्यावर शर्ट, म्हणून बटणं उघडी. सपाट झोपायचं नाही, पाठीला उशी लावून रेलायचं. एका वेळी किमान १ तास, दिवसाचे मिळून ८ तास तरी, वजन अडीच किलो होईस्तोवर. एवढ्याशा जिवाच्या अंगावर चरबी नसते. डिसेंबरात पाय गार पडले की ते दूध ओढत नाही, दूध कमी पडलं की आणखी गार.

ए-१०१ सिस्टर: आणि खर्रा (तंबाखू-सुपारी) बंद करायला सांगा त्याला. खर्रा घोटलेल्या हातानं बाळाला शिवायचं नाही. कोपरापर्यंत साबण.

डी-४०१: खर्रा सोडला तर नागपूरचा मर्द कसला 😄

सी-३०२: हसा. वस्तीत २१-२२ च्या पोराला बाप झाल्यावर दोनच गोष्टी शिकवतात, पार्टी दे आणि डबल ड्युटी मार. बारसं उधारीवर, मग हप्त्यासाठी १२ तासांवर आणखी १२ तास. घरी येतो तो झोपायला. बायकोला ताप आहे, बाळ सकाळपासून प्यायलं नाही, हे त्याले कळणार कसं? वर लोक म्हणतात, काय कमावता पोरगा आहे! ह्यानं बाळ बांधलं तर त्याचेच दोस्त कालपासून गेटवर येऊन 'बाई झाला बे तू' म्हणून राह्यले. आता आपला ग्रुपही तेच म्हणतो.

ए-३०४: ताई, मी बाळाच्या विरोधात नाही. मुद्दा शिस्तीचा आहे. मेंटेनन्स आम्हीही भरतो.

बी-१०२: १२ मिनिटं. सीसीटीव्ही बघा.

सेक्रेटरी: बघितलं काका. डी विंगची टाकी वाहत होती, तो व्हॉल्व्ह बंद करायला गेला होता. फोन तुम्हीच केला होता.

बी-१०२: ते वेगळं. गेट रिकामं होतं.

ए-१०१ सिस्टर: ए-३०४ भाऊंचं अर्धं बरोबर आहे. केबिन ही जागाच नव्हे. गाड्यांचा धूर, डास, आणि दर दोन मिनिटांनी गेट उघडायला उठायचं. उठलं की ओढणी सैल होते, बाळ खाली सरकतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वास कोंडतो. बिघडतं ते इथंच. त्याला खोलीत सलग तास मिळाले पाहिजेत.

बी-४०३ खजिनदार: सुट्टीचं विचाराल तर खासगी नोकरीत बापाला रजा देण्याचा कायदा नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत १५ दिवस मिळते. ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार विम्यात, बाळंतपणाच्या रजेचे पैसे विमा असलेल्या बाईलाच. उपचार मात्र विमाधारकाच्या बायको-मुलांनाही. गार्ड पुरवणाऱ्या एजन्सीच्या बिलात त्याच्या पगाराच्या ३.२५ टक्के आपण देतो, त्याच्या पगारातून ०.७५ कापतात. म्हणजे हजारामागे आपले साडेबत्तीस, त्याचे साडेसात. आणि एजन्सीनं बायकोचं नाव चढवलेलंच नाही! तिचं आधार घेऊन आधी ते करून घेऊ, मग बाळाचं. पुढची तपासणी सोमवारीपेठेच्या ईएसआय हॉस्पिटलात होऊ शकते.

डी-४०१: वा रे एजन्सी. कापायला बरोबर येते.

सी-३०२: जन्माची नोंद २१ दिवसांत. दवाखान्यातून जाते, पण बापाचं नाव आधारवर आहे तसंच पडलं का ते बघा, एका वेलांटीपायी पुढं प्रतिज्ञापत्र करत बसावं लागतं. बाळाचं नाव ठरलं नसेल तर रकाना कोरा चालतो, वर्षभरात फुकट चढवता येते.

सी-२०३: त्याले म्हणा आता एकावरच थांब, नसबंदी करून टाक 😂

ए-१०१ सिस्टर: त्याची होत नाही. निदान एक मूल वर्षाच्या वरचं लागतं. तुमची तीन आहेत ना? तुम्ही बसता नियमात. बिनटाक्याची, १५-२० मिनिटांचं काम, त्याच दिवशी घरी सोडतात, आठवडाभर जड वजन उचलायचं नाही. नुसती नळी कापून बांधतात, अंडकोश जागेवरच राहतात, ताकद कुठं जात नाही. पुढचे ३ महिने निरोध, मग वीर्य तपासणी.

सी-२०३ ग्रुपमधून बाहेर पडले

डी-४०१: 🤣🤣🤣

सेक्रेटरी यांनी सी-२०३ यांना जोडले

सेक्रेटरी: कृपया विषयावर राहा. १५ दिवस त्याची ड्युटी १२ ऐवजी ८ तास, पगार न कापता. उरलेले ४ तास मागच्या गेटचा गार्ड पुढं बसेल, त्याचा ओव्हरटाइम फंडातून.

ए-३०४: फंडातून काऊन? आधी मीटिंग बोलवा.

सी-३०२: मीटिंग होईस्तोवर बाळ चालायला लागेल.

बी-१०२: मागचं गेट ४ तास रिकामं राहणार का?

सेक्रेटरी: कुलूप लावू काका.

ए-३०४: माझ्याकडे ऑइल हीटर पडून आहे. रात्री खोलीत नेऊन द्या. केबिनमध्ये नको.

ए-१०१ सिस्टर: धन्यवाद भाऊ. बाळापासून लांब ठेवायचा. आणि आजीबाई कोळशाची शेगडी म्हणतील तर साफ नाही म्हणा. बंद खोलीत तिच्या विषारी वायूनं तिघंही झोपेतच जातील.

बी-१०२: हीटरचं बिल कोणाच्या मीटरवर?