डॉक्टर नवरा स्वतःच्याच बीपीवर उपचार करतोय, काय करू?

गुहागरची सून
आमचे हे गुहागर तालुक्यात 27 वर्षं प्रॅक्टिस करतात. वय 56. गणपतीत डोकं जड झालं म्हणाले, तर मीच बीपी बघितलं: 170/100. तेव्हापासून गोळ्या चालू आहेत, पण ड्रॉवरमधल्या सॅम्पलच्या. औषध कंपनीचा एमआर टेल्मिसार्टन देऊन गेला तर ती, ती संपली की अ‍ॅम्लोडिपिन. केसपेपर नाही, रक्त तपासलेलं नाही. चिपळूणला फिजिशियनकडे चला म्हटलं की, "तो वेगळं काय सांगणार?" शिवाय दवाखाना बंद ठेवला तर लोक कुठे जातील, हे आहेच.

कुडाळचा डॉक्टर
वहिनी, माझंच सांगतो. जुलैत एका व्हिजिटला लावणीच्या कुणग्यातून, म्हणजे भातखाचरातून, चालत गेलो. टाचेला भेग होती. आठ-दहा दिवसांनी ताप आला, पोटऱ्या ठणकायला लागल्या. व्हायरल समजून कंपाउंडरकडून तीन दिवस डायक्लोफिनॅकची इंजेक्शनं घेतली आणि ओपीडी चालू ठेवली. चौथ्या दिवशी एक म्हातारे शेतकरी तपासून घेता घेता म्हणाले, "डॉक्टर, तुमचे डोळे लाल झाले हत." लेप्टो निघाला, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, शेतातल्या दूषित पाण्यातून होणारा ताप. किडनी कशी चालते ते दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन 3.8, म्हणजे खूप वाढलेलं. किडनीवर लेप्टोचा मार होताच, त्यात मी वेदनाशामक ओतलं होतं. अकरा दिवस अ‍ॅडमिट होतो.

पावसात तापाचा पेशंट आला की "मळ्यात उतरलास काय?" हा माझा पहिला प्रश्न. लेप्टो होऊ नये म्हणून आठवड्याची डॉक्सिसायक्लीन 200 मिलिग्रॅम शेतकऱ्यांना मीच देतो. स्वतः घेतली नव्हती. औषधं सगळी पाठ होती, पण माझी हिस्ट्री घ्यायला समोर कोणी बसलेलं नव्हतं.

त्यांच्याशी वाद घालू नका. टेल्मिसार्टन सुरू केल्यावर क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघायचं असतं, ते कधी बघितलं एवढंच विचारा. दुखण्याची गोळी घेतात का तेही विचारा. तिने बीपी वाढू शकतं, आणि टेल्मिसार्टनबरोबर ती किडनीला बाधू शकते. फिजिशियनकडे नंबर लावून जा, केसपेपर काढा. मित्राला फोनवर विचारलेलं धरू नका.

मालवणची सिस्टर
बीपी तुम्हीच मोजा, ताई. पाच मिनिटं शांत बसवून, सकाळ-संध्याकाळ, आठवडाभर. वहीत लिहा. डॉक्टर स्वतः मोजतात तेव्हा वाढलेला आकडा सोडून देतात आणि पुन्हा मोजतात, मी बघितलंय.

गुहागरची सून
काल जेवताना विचारलं. क्रिएटिनिन एकदाही बघितलेलं नाही. आणि गुडघ्यासाठी रोज रात्री एक गोळी घेतात, दोन वर्षं. मला कालच कळलं. सोमवारचा नंबर लावलाय, वही मी घेऊन जाणार आहे.