कुर्डुवाडी ते अक्कलकोट रोड रोजची मेमू आणि कुर्डुवाडीचं कनेक्शन, नक्की मागायचं काय?

मोहोळ_अपडाऊन
नमस्कार मंडळी. मी मोहोळचा, नोकरी सोलापुरात, सात वर्षं झाली अपडाऊन करतोय. गाडीची वेळ कामाच्या वेळेला जुळत नाही म्हणून शेवटी बाईक घेतली आणि आता रोज हायवेवर ट्रकच्या मधून जातोय, घरचे संध्याकाळी फोन करून विचारत असतात कुठवर आलास. अंतर किती तर 33-34 किलोमीटर. आपल्याकडून पुण्याला जायला हुतात्मा आहे, इंटरसिटी आहे, 2023 पासून वंदे भारत पण आहे, आणि त्या पाहिजेतच, पण माढा, अनगर, मोहोळ, पाकणी इथून सकाळी सोलापुरात येणाऱ्या माणसाचा विचार करून लावलेली गाडी कुठाय? आता तर डबल लाईन झाली, वर विजेची वायर आली. मग कुर्डुवाडी-सोलापूर-होटगी-अक्कलकोट रोड अशी मेमू, म्हणजे विजेवरची जवळच्या अंतराची लोकल, सकाळ संध्याकाळ का सुटू नये? निवेदन द्यायचा विचार आहे, त्यात काय लिहावं सांगा. माहितगार लोकांनी जरा नीट सांगा.

बार्शीकर_78
भाऊ मागणी एकदम बरोबर, पण त्यात कुर्डुवाडीला गाडी बदलून बार्शीला यायचं आमचं कनेक्शन पण घाला. आमच्या बार्शीला रेल्वे 1897 ला आली, अडीच फुटी नॅरो गेज, कुर्डुवाडीला तेव्हा बार्शी रोड म्हणायचे. पुढं हीच लाईन 1906 ला पंढरपूरला, 1911 ला लातूरला आणि 1927 ला मिरजेला गेली. म्हणजे बघा, ही लाईन बांधलीच मुळात मेन लाईनला माणूस आणि माल आणून द्यायला. 2008 ला ब्रॉडगेज झाली तेव्हा आम्ही स्टेशनवर नारळ फोडले होते हो! पण मागच्या वर्षी आईला पुण्याहून घेऊन येत होतो, गाडी वीस मिनिटं लेट झाली आणि कुर्डुवाडीला पूल चढून जातोय तोवर बार्शीकडची गाडी हलली, मागचा लाल दिवा तेवढा दिसला. गुडघे दुखणारी बाई, तिला मग रात्री जीपमध्ये कोंबून आणलं. खरं सांगतो, बार्शीहून सोलापूरला रेल्वेनं कोणी जाणार नाही, रस्त्यानं 70 आणि रेल्वेनं कुर्डुवाडीवरून 110 च्या वर पडतं. आम्हाला कुर्डुवाडीचा मेळ पाहिजे, बस्स.

रिटायर्ड_गार्ड
मी या सेक्शनला बरीच वर्षं काढली आहेत म्हणून थोडं लिहितो. मेमूचा फायदा असा की दोन्ही टोकाला ड्रायव्हरची केबिन असते, इंजिन काढून पुढं लावायची भानगड नाही, आणि पिकअप लवकर घेते त्यामुळं आठ-दहा किलोमीटरवर थांबे असले तरी वेळ कमी जातो. 2022 ला भिगवणकडचा शेवटचा तुकडा झाला आणि दौंड-सोलापूर पूर्ण डबल झालं, तेव्हा लोकलला क्रॉसिंगसाठी तासभर बाजूला उभं करायचं कारण राहिलं नाही. पण मालगाड्या आणि मुंबई-हैदराबाद, चेन्नईच्या गाड्या याच लाईनवर आहेत, सकाळी त्यांच्यामधून जागा काढावी लागेल. दुसरं, सकाळची गाडी कुर्डुवाडीहून सोडायची तर रेक, म्हणजे गाडीचे सगळे डबे, रात्री तिथंच उभा पाहिजे, क्रूची झोपायची सोय पाहिजे, डब्यांत पाणी भरायची सोय पाहिजे. निवेदनात नुसतं "गाडी सोडा" लिहिलं की फाईल फिरत बसते, हे सगळं लिहा.
बार्शीकर, लेट गाडीसाठी कनेक्शनची गाडी रोखून धरणं वाटतं तेवढं सोपं नाही. मिरज-कुर्डुवाडी-लातूर सिंगल लाईन आहे, इथं एक गाडी अर्धा तास रोखली की पुढच्या स्टेशनला समोरून येणारी अडकते, मग तिथल्या लोकांचे हाल. त्यापेक्षा टाइमटेबलमध्येच दोन गाड्यांत 25-30 मिनिटं अंतर ठेवायला सांगा. कुर्डुवाडी, बार्शी, पंढरपूर, लातूर, कलबुर्गी सगळं सोलापूर डिव्हिजनमध्येच येतं, हे आपलं नशीब. तेच होटगीहून विजयपूरकडं जायचं म्हटलं की दक्षिण पश्चिम रेल्वे, तिथं दोन झोनची संमती लागते, ती मागणी यात मिसळू नका.

स्वामींची_लेक
मी अक्कलकोटची, सोलापुरात नोकरी. अक्कलकोट रोड म्हणजे अक्कलकोट नव्हे हो, स्टेशनपासून गाव 11 किलोमीटर. संध्याकाळी अंधार पडल्यावर तिथं उतरून बाईमाणसानं जीप भरायची वाट बघत थांबायचं म्हणजे नको वाटतं, म्हणून आम्ही सगळ्या एसटीनंच जातो. गाडी आली की पाच मिनिटांत एसटी सुटली पाहिजे, आणि गाडी लेट असली तर एसटीनं थांबलं पाहिजे. हे होत नसेल तर मेमू होटगीपर्यंतच आणा, मला राग येणार नाही. पण बस जोडलीत तर गुरुवारी स्वामींच्या दर्शनाला येणारे लोकसुद्धा याच गाडीनं येतील, नुसत्या पासवाल्यांवर गाडी चालवायची वेळ येणार नाही.

सोलापुरी_चादर
तुळजापूरची लाईन होऊ द्या की ओ आधी! 9 जानेवारी 2019 ला पंतप्रधानांनी सोलापुरात येऊन पायाभरणी केली, 84 किलोमीटर, सोलापूर-तुळजापूर-धाराशिव. आई भवानीच्या गावाला पहिल्यांदा रेल्वे येणार आणि धाराशिवला कुर्डुवाडीचा वळसा वाचणार. दोन दोन मागण्या केल्या तर एक पण होत नाही.

मोहोळ_अपडाऊन
तुळजापूर लाईन झालीच पाहिजे ओ, मी स्वतः दर नवरात्रात चालत जातो. पण त्यातून मोहोळ, माढ्याला काय मिळणार? ती नवीन लाईन आहे, जमीन घ्या, पूल बांधा, त्याला जेवढी वर्षं लागायची तेवढी लागतील. इथं रूळ तयार आहेत, वायर तयार आहे, स्टेशनं उभी आहेत. आषाढीला पंढरपूरला स्पेशल गाड्या सुटतातच ना, म्हणजे मनात आणलं की जागा निघते.
पंढरपूरवरून आठवलं, सोलापूरहून रेल्वेनं कुर्डुवाडीला जाऊन परत खाली उतरायचं म्हणजे 130 किलोमीटर, रस्त्यानं 72. त्यापेक्षा मेमूनं मोहोळला उतरलं आणि स्टेशनसमोरून पालखी मार्गानं पंढरपूरची एसटी मिळाली तर काम होतं की. अक्कलकोटच्या ताईंनी सांगितलं तसंच.

केगाव_हॉस्टेल
बाळे स्टेशनला थांबा विसरू नका प्लीज. विद्यापीठाची पोरं माढा-मोहोळकडून लै येतात, सोलापूर स्टेशनला उतरून परत उलटं केगावला यायचं म्हणजे रिक्षाचे पैसे वेगळे आणि पहिला तास बुडतो. आणि पाकणीला थांबा दिला तर चिंचोळी एमआयडीसीचे कामगार पण बसतील.

रिटायर्ड_गार्ड
बरोबर. आता असं करा, कुठल्या गावातून किती माणसं, कितीला पोचायचं, कितीला सुटतात, असा कागद करा. पासवाल्यांचा आकडा रेल्वेकडं असतोच, पण जो बाईकनं किंवा जीपनं जातो त्याचा आकडा त्यांच्याकडं नसतो, आणि तोच दाखवायचा आहे. विभागीय सल्लागार समितीत प्रवाशांचे प्रतिनिधी असतात, त्यांच्या हातात मीटिंगच्या आधी द्या.

मोहोळ_अपडाऊन
ठीक, या रविवारपासून मोहोळ मी बघतो. माढा आणि अनगरचं कोणी घेतंय का? परतीची गाडी सोलापूरहून 6:10 ला लिहू का?

स्वामींची_लेक
6:10 नको, साडेसहा लिहा. गारमेंटमधल्या बायका सहाला सुटतात आणि सोलापुरातल्याच अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतून सोलापूर स्टेशनला यायला त्यांना वीस मिनिटं लागतात.