अवतारचा 'झुको अलोन' भाग: यातलं खरं एकटं मूल कोण?

पाऊलवाट:

अवतार: द लास्ट एअरबेंडर ही अ‍ॅनिमेशन मालिका परत पहिल्यापासून बघायला घेतलीये आणि काल दुसऱ्या सीझनचा सातवा भाग झाला, झुको अलोन. ज्यांनी बघितला नाहीये त्यांनी इथेच थांबा, खाली सगळं उघड लिहितेय, तिसऱ्या सीझनमधलं पण.

ज्यांना पुसट आठवतंय त्यांच्यासाठी थोडक्यात. झुको म्हणजे आगीच्या राज्याचा हाकलून दिलेला राजपुत्र, हातातून आग काढू शकणारा. तो काकांपासून वेगळा होऊन एकटाच भटकतोय, पोटात अन्न नाही, शत्रूराज्यातल्या एका गावात पोचतो आणि ली नावाचा मुलगा त्याला स्वतःच्या घरी घेऊन जातो. लीचा मोठा भाऊ सेन्सू लढाईवर गेलाय. मधे मधे झुकोचं लहानपण दिसत राहतं, राजवाडा, आई उर्सा, धाकटी बहीण अझुला, आणि मग ती रात्र, जेव्हा आई त्याला झोपेतून उठवते, दोन शब्द बोलते आणि कायमची निघून जाते.

आधी बघितला होता तेव्हा सगळा जीव झुकोत अडकला होता. या वेळी माझी नजर सारखी अझुलाकडे जात होती. आयरो काका लढाईवरून भेटी पाठवतात, झुकोला खंजीर आणि अझुलाला बाहुली. आता ज्या मुलीला दिवसभर फक्त आगीशी खेळायचंय तिला बाहुली, म्हणजे काकांना ही पुतणी कोण आहे हेच माहीत नाही. ती ती बाहुली जाळून टाकते आणि आपण म्हणतो बघा किती दुष्ट पोरगी. नंतर आजोबांबद्दल ती काहीतरी वाईट बोलते तेव्हा आई तिला गप्प करते आणि मग स्वतःशीच पुटपुटते की या पोरीचं बिनसलंय तरी काय. आई हे विचारते पण मुलीला विचारत नाही, स्वतःला विचारते.

आणि निरोप फक्त झुकोचा. अझुलाच्या खोलीत ती गेली का नाही हे आपल्याला दाखवतच नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी अझुला झुकोचा खंजीर हातात घेऊन खेळतेय, तो परत दे म्हणतो तर ती म्हणते कोण लावणार मला द्यायला, आई? मला ते वाक्य ऐकून एकदम कसंतरी झालं कारण आई तिचीही गेलीये ना त्याच रात्री.

तर प्रश्न असा की नाव झुको अलोन असलं तरी या भागातलं सगळ्यात एकटं मूल अझुला आहे असं अजून कोणाला वाटतं का? आणि उर्सा दोन मुलांमधे फरक करत होती का?

रातकिडा:

मला नाही वाटत. अझुलाबद्दल वाईट वाटतं ते तिसऱ्या सीझनमधल्या गोष्टी माहीत असल्यामुळे, आपण ते मागे नेऊन इथे चिकटवतो. नुसता हा भाग बघितला तर एकटं मूल दोन आहेत, झुको आणि ली, आणि माझ्या मते खरा भाग लीचाच आहे. त्याच्याबद्दल कोणी बोलतच नाही म्हणून लिहितोय.

बघा ना, भाऊ गेलाय. गावातले सैनिक, तो गाओ आणि त्याची माणसं, आपल्याच राज्याचे असून आपल्याच लोकांना लुटतात. आणि हा मुलगा एक अनोळखी, डोळ्याभोवती भाजल्याचा डाग असलेला, एक शब्द धड न बोलणारा पोरगा दिसल्यावर त्याला घरी नेतो, कशासाठी तर त्याला भाऊ पाहिजे. रात्री झुकोच्या तलवारी गुपचूप उचलून झाडाझुडपांवर चालवतो तो सीन आठवा. झुको रागावत नाही, शिकवायला लागतो, की या दोन तलवारी वेगळ्या समजू नकोस, एकाच शस्त्राचे दोन भाग आहेत. ज्याचा अर्धा भाग लढाईवर गेलाय त्याला हे सांगतोय तो, आणि सांगणाऱ्याचं स्वतःच्या बहिणीशी काय नातं आहे ते आपल्याला माहीत आहे. पूर्ण भागात लीच्या चेहऱ्यावर एवढा आनंद दुसरीकडे कुठेच दिसत नाही.

मग सेन्सूची तुकडी पकडली गेल्याची बातमी येते, वडील त्याला शोधायला निघतात, आणि लगेच झुको पण निघतो. म्हणजे एकाच दिवसात भाऊ, बाप आणि ज्याला भाऊ मानलं तो, तिघेही गेले. झुको जाताना खंजीर देतो आणि तोच खंजीर ली सैनिकांवर उगारतो, म्हणून ते त्याला उचलून नेतात. चांगल्या मनाने दिलेली भेटच त्या पोराला गोत्यात आणते. हे लिहिणाऱ्याला सलाम.

आणि शेवटी झुकोने आग काढल्यावर सगळं गाव मागे सरकतं. झुको गुडघ्यावर बसून खंजीर पुढे करतो आणि ली सांगतो मला तू नकोस, तुझा तिरस्कार वाटतो. त्याने काय करायचं दुसरं? आगवाल्यांशी लढायलाच तर त्याचा भाऊ गेलाय.

कोरीपाटी:

पाऊलवाट ताई, उर्सावर थोडा अन्याय होतोय असं वाटलं म्हणून लिहिते.

त्या रात्री तिच्यासमोर काय होतं ते बघा. आयरोचा मुलगा लू टेन मेला, आयरो बा सिंग से या शत्रूच्या शहराचा वेढा उठवून माघारी निघाले, 600 दिवसांचा वेढा होता तो. हे बघून झुकोचा बाप ओझाई स्वतःच्या बापाकडे, राजा अझुलॉनकडे, जाऊन म्हणतो की भावाला वारस उरला नाही तर गादी मला द्या. अझुलॉन भयंकर चिडतो आणि म्हणतो की थोरला मुलगा गमावणं काय असतं ते तुलाही कळायला पाहिजे. म्हणजे झुकोला मारायचं ठरलंय. ज्या आईला एका रात्रीत मुलाचा जीव वाचवायचाय तिने दोन्ही मुलांना सारखा वेळ दिला का हे मोजायला मला जमत नाही. तिने नक्की काय केलं ते या भागात सांगत नाहीत, फक्त सकाळी आजोबा गेलेले असतात आणि आई नसते. तिसऱ्या सीझनमधे सूर्यग्रहणाच्या भागात ओझाई स्वतः झुकोला सांगतो की तिला त्या रात्रीच्या कृत्यांसाठी देशाबाहेर काढलं.

फरक करत होती का, तर मला वाटतं घरातच दोन वाटे झाले होते. अझुला बापाची, कारण ती हुशार, आजोबांसमोर आगीचे प्रकार करून दाखवते आणि सगळे खूश. झुको प्रयत्न करतो आणि पडतो, मग त्याला जवळ कोण घेणार, आई. जो पडतो त्याच्याकडे आई जास्त वेळ जातेच, आणि जी कधी पडत नाही तिला काही लागत नाही असं सगळे धरून चालतात. यात उर्साचा दोष आहे का, थोडा आहे, पण मुलांना असं तोलायची सुरुवात ओझाईने केली.

कासवबदकांचा सीन आठवतो ना? झुको आईला दाखवतो की अझुला बदकांना कसं खायला घालते, म्हणजे पाव फेकून मारतो, आणि बदकीण येऊन त्याच्या पायाला चावते. आई हसून सांगते की पिल्लांना त्रास दिला की आई चावणारच. पहिल्यांदा तो सीन नुसता गोड वाटतो, नंतर कळतं की तिने काय करणार ते तिथेच सांगून टाकलंय.

पाऊलवाट:

कोरीपाटी, बदकांचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं, आता अंगावर काटा आला. वाट्यांचा मुद्दा पटला. पण मी उर्साला वाईट म्हणत नाहीये हो, माझं म्हणणं एवढंच की आईची काही चूक नसतानाही मूल एकटं पडू शकतं आणि ते मुलाला तेवढंच लागतं.

रातकिडा, लीबद्दल मान्य. पण लीला आई आहे. सेला शेवटी हातात काही नसताना मुलाच्या पुढे उभी राहते आणि झुकोला सांगते एक पाऊल पुढे टाकू नकोस. झुको बघत राहतो. माझ्या मते त्याला त्या वेळी उर्साच दिसत असणार, फक्त या वेळी तो दुसऱ्या बाजूला आहे, ज्याच्यापासून मुलाला वाचवायचंय तो.

काळीशाई:

इतक्या चांगल्या चर्चेत उशिरा आलो. एक गोष्ट कोणी लिहिली नाही ती लिहितो कारण पाऊलवाट यांच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे दिसतं.

अझुलॉन आणि ओझाईचं बोलणं चालू असताना दोन्ही मुलं पडद्यामागे लपलेली असतात. झुको घाबरून पळतो, अझुला थांबते आणि सगळं ऐकते. मग रात्री झुकोच्या खोलीत येऊन गाणं म्हणल्यासारखं चिडवत सांगते की बाबा तुला मारणार आहेत. ते ऐकून आई तिला बाहेर ओढून नेते. म्हणजे उर्साला हे कळलं अझुलामुळे. अझुला गप्प बसली असती तर झुको वाचला नसता. तिचा हेतू चिडवायचाच होता, मी तिला चांगली ठरवत नाहीये, पण भावाचा जीव तिच्या तोंडून निघालेल्या वाक्याने वाचला आणि त्याची किंमत म्हणून तिची आई गेली, आणि हे तिला कोणी कधी सांगितलं नाही. झुको तर अंथरुणात पडून स्वतःला समजावत बसतो की अझुला नेहमी खोटं बोलते. नेमकं त्या रात्री ती खरं बोलत होती. एवढ्याशा मुलीने मोठ्यांचं ते बोलणं एकटीने ऐकलं आणि ते घेऊन ती कोणाकडे जाणार होती? तिला चिडवण्याशिवाय दुसरी भाषा येत नव्हती.

रातकिडा म्हणतात की आपण तिसरा सीझन मागे चिकटवतो, मला वाटतं हे बीज इथेच पेरलेलं आहे. तिसऱ्या सीझनच्या द बीच या भागात शेकोटीशी बसून ती म्हणते की माझ्या आईला मी राक्षस वाटायचे, लगेच म्हणते की बरोबरच होतं तिचं, तरी लागलं. आणि शेवटी आरशात आई दिसते, सांगते माझं तुझ्यावर प्रेम आहे, तर ती आरसा फोडते. तेव्हा ती चौदा वर्षांची आहे फक्त.

बाकी बनवण्याबद्दल थोडं. लेखन एलिझाबेथ वेल्च एहाझ आणि दिग्दर्शन लॉरेन मॅकमलन यांचं, मे 2006 मधे निकलोडियनवर आला होता. लहान मुलांच्या मालिकेत नायक आंग नाही, कटारा नाही, सोका नाही, आयरो पण फक्त आठवणीतल्या पत्रात, आणि झुको जवळजवळ बोलतच नाही. कोणी नाव विचारलं तरी सांगत नाही. लीचे वडील गान्सू घरच्यांना अडवतात, माणसाचा भूतकाळ त्याचा त्याच्यापाशी म्हणून. त्यामुळे शेवटी जमिनीवर पडलेला असताना आईचे शब्द आठवून तो उठतो आणि भर चौकात स्वतःचं पूर्ण नाव सांगतो, उर्सा आणि ओझाईचा मुलगा म्हणून, त्याला वजन येतं. आधी आईचं नाव घेतो बघा. आणि तेवढ्यात गर्दीतला एक म्हातारा ओरडतो की तू कसला राजपुत्र, तुला तर बापाने जाळून हाकलून दिलंय.

वाटाणा:

मी अजून ही मालिका बघितली नाहीये, चर्चा वाचून हा एकच भाग सुटा बघावा असं वाटतंय, मुलीबरोबर. ती नऊची आहे. चालेल का?

कोरीपाटी:

सुटा बघू नका, निम्मा जाईल. निदान पहिल्या सीझनचा बारावा भाग, द स्टॉर्म, आधी बघा, त्यात झुकोला तेराव्या वर्षी बापाने भर सभेसमोर का भाजलं ते कळतं. जमलं तर पहिल्यापासूनच सुरू करा, एकूण 61 भाग आहेत आणि एकेक जेमतेम तेवीस-चोवीस मिनिटांचा. नऊ वर्षांच्या मुलीला चालेल, रक्तबिक्त दाखवत नाहीत, पण या भागाला तिच्या शेजारी बसा, आई का गेली हे ती विचारणार आणि त्या भागात त्याचं उत्तर नाही.

रातकिडा:

काळीशाई, ते अझुलाच्या बोलण्याने जीव वाचला हे मी इतक्या वेळा बघून पण जोडलं नव्हतं. मुद्दा पूर्ण मान्य आहे असं नाही, तिला त्या क्षणी मजा येत होती हे स्पष्ट दिसतं आणि भावाच्या मरणाची मजा वाटणं हे एकटेपणाने झाकून जात नाही. पण प्रश्न बरोबर आहे.

त्यावरून एक सुचलं, त्या खंजिराचा प्रवास बघा. बा सिंग सेची बाहेरची भिंत पडल्यावर शरण आलेल्या सेनापतीचा तो खंजीर, त्यावर कोरलंय की लढल्याशिवाय हार मानू नकोस. तो आयरोंना मिळाला आणि पुढे त्यांनीच मुलगा गेल्यावर वेढा सोडला. मग झुको. मग त्या सकाळी अझुलाच्या हातात. मग ली. आणि लीने घेतला नाही. या सगळ्यांमधे अझुला एकटीच अशी आहे की जिला तो कोणी दिला नाही, तिने स्वतः उचलला. काकांनी बाहुलीऐवजी तिलाही खंजीर पाठवला असता तर काय झालं असतं याचा आता विचार करतोय.

पाऊलवाट:

रातकिडा, मला वाटतं झुकोने चिडून विचारलं असतं की दोघांना सारखंच का, आणि मग दोघं त्यावरून भांडली असती, साध्या भावंडांसारखी. त्या घरात तसं भांडण एकदाही दिसत नाही.

वाटाणा, बघितलात की इथे नक्की लिहा, मुलगी काय म्हणाली ते पण. मी पुढे जाते, द बीचपर्यंत पोचले की त्याचा वेगळा धागा काढते, काळीशाई तुम्ही तिथे याच.